ठराव क्रमांक चार

वहीत एवढंच आहे:
'चर्चा झाली. ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब.'
अक्षर माझं. सदतीस वर्षं फळ्यावर लिहून
सरळ झालेलं, कुठल्याच बाजूला न झुकणारं.

सभा दुसऱ्या मिस्सेनंतर, साक्रिस्तीत.
मेणाचा वास, त्यावर खारा वारा,
उपवासकाळ, म्हणून खुंटीला जांभळे झगे,
आणि खिडकीतून दिसणारे, ओहोटीत कललेले
रोकचे तिन्ही ट्रॉलर.
प्रार्थनेनं सुरू करू, म्हणाले फादर बोनिफास.
सगळ्यांनी मान खाली घातली,
रोकच्या मेव्हण्यानं मोबाईलमध्ये.

मग तोच उठला.
वाडीत आपली मतं चारशे अकरा.
एकगठ्ठा पडली तर सरपंच आपलो.
आजवर आपण दुसऱ्यांच्या मागून क्रूस वाहिला,
आता जरा पुढून चालूया.
वाक्य चांगलं होतं. मी लिहून घेतलं,
मग खोडलं.

कायतान लुद्रिकनं विचारलं, आपलो म्हणजे कोण?
आपलो म्हणजे आपलो.
मांडवाच्या पत्र्याचे पैसे कोणी दिले?
घंटेची नवी दोरी कोणी आणली?

इथे इनास बोलला.
इनास घंटा वाजवतो. सभेत त्याला खुर्ची नसते,
तो दारात उभा असतो किल्ल्यांचा जुडगा धरून.
'दोरी रापणीची आसा. माज्या बापाशीच्या रापणीची.
आता रापण ओढूची कोणी? मासो खंय?
रातीक तुमच्या बोटींचे दिवे पेटतत,
दर्यात दिवाळी नि आमच्या चुलीत काळोख.
म्हणान कापलंय, नि घंटेक बांधलंय.'

सगळे गप्प. समुद्रही गप्प झाला
असं लिहायचा मोह झाला, पण तो बोलतच होता.

फादरांनी बिशपांचं पत्र वाचलं:
सदसद्विवेकबुद्धीनं मतदान करावं.
एवढा लांब शब्द आमच्या मासळीबाजारात
कोणी वापरत नाही. तिथे म्हणतात, मन खाता.

मला मात्र आठवत होती मे महिन्यातली लदीन,
किनाऱ्यावरच्या खुरसाकडची.
सुनंदा तारी, दुसरी उमेदवार, चिन्ह शिलाई मशीन,
दरवर्षी अबोलीचा पहिला वळेसर तिचा.
उकडलेले चणे ओंजळीत घेते,
अर्धे तिथेच खाते,
अर्धे नवऱ्याच्या फोटोपुढे नेऊन ठेवते.
तो बुडाला त्या रात्री इनासनं घंटा वाजवली होती,
अवेळी, फादरांना न विचारता,
आणि आमची एकूण एक होडी पाण्यात गेली होती.
आपलो कोण, हे त्या काळोखात
कोणी विचारलं नव्हतं.

हे मी उभं राहून सांगायला हवं होतं.

हात वर करा. बाजूनं सहा. विरोधात सहा.
तेरावी मी. जेवणाच्या त्या टेबलावरही तेराच होते,
हा विचार मी घाईनं बाजूला सारला.
'टीचर, तुमचो हात?'
मी लिहितेय, म्हणाले.
लिहिणारा हात वर करायचा नसतो
असा नियम कुठल्याच वहीत नाही.
धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना शिकवते,
पेत्रानं तीनदा नाकारलं, मग कोंबडा आरवला.
मी तर नाहीसुद्धा म्हटलं नाही.
कोंबडा तरी कशासाठी आरवेल?

बाहेर आले तेव्हा बारा वाजत होते.
इनासनं दोरी ओढली. तीन, तीन, तीन,
मग नऊ.
खाली वाळूत सुनंदा सुके बांगडे परतत होती.
आमच्या प्रार्थनेपुरती हात थांबवून उभी राहिली,
मग एक कावळा हाकलला
आणि पुन्हा वाकली.

घरी येऊन इतिवृत्त सुवाच्य केलं.
पुढील सभा: ईस्टरनंतरच्या रविवारी.
मतदान त्याच्या आदल्या गुरुवारी.
सभेची तारीख मीच सुचवली होती,
आणि एकानंही कॅलेंडर बघितलं नव्हतं.